कार्यस्थळावरील बाष्पसंपर्क मोजण्याच्या पद्धतींची तुलना: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

द्रावक वापरून लेप तयार करणाऱ्या विभागांत कामगारांच्या श्वासातून किती बाष्प जाते, हे आजवर पंप आणि चारकोल नळी (बाष्प धरून ठेवणारा कोळसा भरलेली काचनळी) यांच्या साह्याने मोजले जात आले आहे. या पद्धतीविषयी कोणाला शंका नाही. अडचण आहे ती तिच्या खटाटोपाची. एका माणसाला पंप लावायचा, मधल्या सुट्टीत नळी बदलायची, प्रवाह दोन वेळा तपासायचा आणि पंप अधूनमधून चालू आहे ना हे पाहत राहायचे, यात एक सहायक पूर्ण पाळीभर अडकतो, आणि त्यामुळे नमुने थोडेच निघतात. पंपाऐवजी छातीशी लावायचे, पंपाशिवाय हवेतील बाष्प कोळशावर टिपणारे विसरण-बॅज वापरावेत असा प्रस्ताव आला आहे, आणि दर काही सेकंदांनी आकडा नोंदवणारे पीआयडी (फोटोआयनीकरण शोधक) उपकरणही आता हाताशी आहे. तिन्ही पद्धती एकाच वेळी, एकाच माणसावर चालवून कोणती कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे ठरवणे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

रंग बदलणाऱ्या शोधक नळ्या तुलनेत घेतलेल्या नाहीत. त्यांच्या वाचनात साधारण २५ टक्क्यांचा फरक गृहीतच धरावा लागतो, शिवाय एका बाष्पाचा रंग दुसऱ्या बाष्पामुळेही उमटतो. गळती कुठे आहे हे शोधायला त्या उत्तम आहेत, तेवढ्यापुरत्या त्या राहतील.

विभागांतील मुख्य बाष्पे टोल्युईन आणि झायलीन ही आहेत. त्यांच्या जोडीला इथाइल ॲसिटेट, आणि भांडी धुण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोजणी कोणत्या पट्ट्यात जुळली पाहिजे हे आधी ठरवणे आवश्यक होते. टोल्युईनसाठी ओशा या अमेरिकेतील कामगार-सुरक्षा यंत्रणेची आठ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) आहे, तर एसीजीआयएच या तेथील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली २० पीपीएम. यातला कडक आकडा धरला. युरोपीय मानक ईएन ४८२ नुसार मर्यादेच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात मोजणीची विस्तारित अनिश्चितता (मोजलेला आकडा खऱ्यापासून किती दूर असू शकतो याची मर्यादा) ३० टक्क्यांच्या आत, आणि एक दशांशापासून निम्म्यापर्यंत ५० टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणजे आपल्याला २ ते ४० पीपीएम या पट्ट्यात पद्धती तपासायच्या आहेत. त्यापलीकडे त्या जुळल्या किंवा न जुळल्या, तरी निर्णयात फरक पडणार नाही.

९ जानेवारी

आजचा दिवस कागदावरच्या गणितात गेला, पण पुढच्या बहुतेक वादांची उत्तरे याच गणितात सापडतील असे दिसते. नळी असो वा बॅज, प्रयोगशाळा आपल्याला एकच गोष्ट सांगते: कोळशावर किती मायक्रोग्रॅम द्रव्य सापडले. त्याला हवेच्या आकारमानाने भागले की तीव्रता मिळते. पंपाच्या पद्धतीत हे आकारमान आपण मोजतो. बॅजमधून मात्र हवा ओढलीच जात नाही. बाष्पाचे रेणू आतल्या स्थिर हवेतून विसरणाने कोळशापर्यंत पोहोचतात. फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे त्यांचा वेग विसरणगुणांक, तोंडाचे क्षेत्रफळ आणि मार्गाची लांबी यांवर ठरतो, आणि या तिघांचा मेळ घालून प्रत्येक बाष्पासाठी एक ग्रहण दर दिलेला असतो. निवडलेल्या बॅजचा, म्हणजे थ्रीएमच्या ३५०० चा, टोल्युईनसाठीचा ग्रहण दर मिनिटाला ३१.४ मिलिलिटर आहे. ४८० मिनिटांच्या पाळीत तो १५.०७ लिटर हवेइतके टोल्युईन टिपतो असे आपण मानतो. हे मानणे कुठे मोडते, तेच या प्रकल्पात पाहायचे आहे.

नळीच्या बाजूने अडचण वेगळी आहे. नायोश या अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या १५०१ क्रमांकाच्या पद्धतीत पुढे १०० आणि मागे ५० मिलिग्रॅम कोळसा असलेल्या नळीतून टोल्युईनसाठी १ ते ८ लिटर हवा घेण्यास सांगितले आहे आणि प्रवाह मिनिटाला २०० मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा असे बंधन आहे. नेहमीच्या सवयीने मिनिटाला ५० मिलिलिटर प्रवाह ठेवला, तर पूर्ण पाळीत २४ लिटर होतात. म्हणून मिनिटाला ३० मिलिलिटर प्रवाहाने २४० मिनिटांच्या दोन नळ्या, प्रत्येकी ७.२ लिटर, असे ठरवले.

२५ अंश सेल्सिअसला २० पीपीएम टोल्युईन म्हणजे घनमीटरला ७५.४ मिलिग्रॅम. त्या तीव्रतेला एका नळीवर सुमारे ५४० आणि बॅजवर सुमारे ११४० मायक्रोग्रॅम टोल्युईन यायला हवे. मर्यादेच्या दहाव्या भागातही, म्हणजे २ पीपीएमला, हे आकडे अनुक्रमे ५४ आणि ११४ मायक्रोग्रॅम राहतात, तेव्हा गॅस क्रोमॅटोग्राफला (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) ते टिपणे जड नाही. पाळीभराच्या नमुन्यात संवेदनशीलतेचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवत नाही, हे एकदा लिहून ठेवणे बरे. कारण बॅजवर पहिला आक्षेप नेमका तोच घेतला जातो.

तापमानाचा आक्षेपही तपासला. तापमान वाढले की विसरण वाढते, पण त्याच वेळी हवा विरळ होते, आणि दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना कापतात. अंशामागे उरणारा फरक टक्क्याच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. हवेच्या दाबाचा परिणाम तर जवळपास पूर्णच कापला जातो. या दोन बाबींसाठी दुरुस्ती करायची नाही असे ठरले.

१५ जानेवारी

पंपांचे अंशांकन झाले. प्रत्येक पंपाचा प्रवाह साबणाच्या बुडबुड्याच्या मापीवर, नळी जोडलेली असतानाच मोजला. नळी काढून मोजलेला प्रवाह निरुपयोगी असतो, कारण कोळशाचा रोध नळीगणिक बदलतो. म्हणून अंशांकनासाठी वापरलेली नळी त्याच तुकडीतली असली पाहिजे आणि तिची टोके नमुन्याच्या नळीइतकीच रुंद फोडलेली असली पाहिजेत. पाळीनंतर हीच मोजणी पुन्हा करायची आणि दोहोंत पाच टक्क्यांहून अधिक फरक आल्यास तो नमुना तुलनेतून काढायचा. चाचणीच्या पाळीत एका पंपाचा प्रवाह सकाळी ३०.२ आणि संध्याकाळी २९.१ मिलिलिटर निघाला. घट ३.६ टक्के, म्हणजे नमुना ग्राह्य. गणितात दोहोंची सरासरी घेतली.

२१ जानेवारी

पीआयडीविषयी अपेक्षा फार वाढलेल्या आहेत, तेव्हा त्याची मर्यादा आजच आकड्यांनिशी लिहून ठेवतो. हे उपकरण अतिनील दिव्याने रेणूंचे आयनीकरण करते आणि त्यातून निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजते. आपल्या उपकरणातील दिवा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. टोल्युईनची आयनीकरण ऊर्जा ८.८२ असल्याने ते सहज दिसते, मेथेनॉलची १०.८५ असल्याने ते या दिव्याला दिसतच नाही. जी बाष्पे दिसतात त्यांचाही प्रतिसाद सारखा नसतो. अंशांकन आयसोब्युटिलीनवर केलेले असते आणि प्रत्येक बाष्पाला दुरुस्ती-गुणक लावावा लागतो: या दिव्यासाठी टोल्युईनला ०.५, इथाइल ॲसिटेटला ४.६ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलला ६ धरतात.

याचा अर्थ पडद्यावर ४० हा आकडा दिसत असेल, तर हवेत निव्वळ टोल्युईन असल्यास ते २० पीपीएम असेल, निव्वळ इथाइल ॲसिटेट असल्यास १८४, आणि निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल असल्यास २४० पीपीएम. टोल्युईन आणि इथाइल ॲसिटेट निम्मेनिम्मे असतील, तर मिश्रणाचा गुणक ०.९ येतो आणि एकूण ३६ पीपीएम, म्हणजे प्रत्येकी १८, असे उत्तर निघते. मिश्रणाचे प्रमाण माहीत नसताना या चार उत्तरांपैकी कोणते खरे, हे उपकरण सांगू शकत नाही. शिवाय दमट हवेत वाचन खाली येते आणि दिव्याच्या काचेवर धूळ बसली की आणखी खाली.

म्हणून पीआयडीला तुलनेत तिसरा स्पर्धक म्हणून उभे करण्यात अर्थ नाही. संपर्क किती झाला हे नळी आणि बॅज सांगतील. तो दिवसात केव्हा झाला हे पीआयडी सांगेल. त्याच्या आठ तासांच्या सरासरीचा नळीच्या निकालाशी आलेख काढण्याची सूचना आली होती, ती याच कारणाने बाजूला ठेवली. उलट वापर मात्र उपयोगी ठरेल: नळीवरून मिश्रणाचे प्रमाण कळले की त्या दिवसाचा गुणक काढता येतो आणि पीआयडीचा आलेख त्या दिवसापुरता पीपीएममध्ये वाचता येतो.

२८ जानेवारी

मिश्रण विभागात जोडनमुन्यांना, म्हणजे एकाच माणसावर नळी आणि बॅज एकत्र लावण्याला, सुरुवात झाली. श्वसनक्षेत्र म्हणजे चेहऱ्यासमोरचा सुमारे ३० सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल; नळीचे तोंड आणि बॅज दोन्ही याच क्षेत्रात, कॉलरच्या दोन बाजूंना लावले. नळी उभी राहील याची काळजी घेतली, कारण आडव्या नळीत कोळसा एका बाजूला सरकून वरून हवेला मोकळी वाट मिळते. मुखवटा वापरणाऱ्यांचे नमुने मुखवट्याच्या बाहेरच घेतले आहेत.

डावी-उजवी बाजू दर पाळीला बदलण्याचा नियम सुरुवातीला अनावश्यक वाटत होता, पण आज पिंप उघडण्याचे काम जवळून पाहिल्यावर त्याचे महत्त्व पटले. कामगार उजव्या हाताने झाकणाची कडी सोडवतो, उजवा खांदा पुढे झुकतो आणि त्याच बाजूची कॉलर पिंपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येते; डावी कॉलर त्याच्या स्वतःच्या मानेआड राहते. पिंपातून वर येणारे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने काठावरून ओघळते, आणि काठाजवळ काही सेंटिमीटरच्या फरकाने तीव्रता बदलते. बॅज कायम डावीकडे ठेवला असता, तर तो नळीपेक्षा कमी वाचतो असा निष्कर्ष निघाला असता आणि त्याचा दोष विनाकारण बॅजवर गेला असता.

दुसरी गोष्ट ॲप्रनची. वाकताना ॲप्रनचा वरचा पट्टा उलटून बॅजवर येत होता. नळीच्या बाबतीत पंप तरी हवा ओढत राहतो. झाकलेला बॅज मात्र ॲप्रनच्या आतली हवा मोजतो आणि बाहेरून काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. बॅज आता ॲप्रनच्या पट्ट्यावरच, बाहेरच्या बाजूने लावायचा. बॅजवर द्रावकाचा एक शिंतोडा उडाला तरी तो नमुना बाद समजायचा. असा नमुना निकालात फार मोठा दिसतो आणि सरासरी बिघडवतो.

हाताळणीत बाहेरून काही मिसळते का हे तपासणाऱ्या कोऱ्या नमुन्यांसाठी नळ्यांची टोके फोडून लगेच टोपणे लावली, आणि बॅज पाकिटातून काढून लगेच बंद केले. ते इतर नमुन्यांबरोबरच प्रयोगशाळेत जातील.

३१ जानेवारी

प्रयोगशाळेतील नोंदी. नळीचे पुढचे आणि मागचे थर वेगवेगळ्या कुप्यांत काढून प्रत्येकी एक मिलिलिटर कार्बन डायसल्फाइडमध्ये अर्धा तास ठेवले आणि द्राव गॅस क्रोमॅटोग्राफवर, ज्वाला-आयनीकरण शोधकाने तपासला. कार्बन डायसल्फाइड कोळशावरचे सुगंधी हायड्रोकार्बन जवळपास पूर्ण सोडवते आणि या शोधकाला स्वतः फारसे दिसत नाही, म्हणून ते इतकी वर्षे टिकून आहे. एरवी ते घातक विष आहे आणि सुमारे ९० अंश सेल्सिअसला ठिणगीवाचूनही पेटते. सर्व काम धूरपेटीत आणि तापपट्टीपासून दूर झाले.

मागच्या थरावर सापडलेले द्रव्य पुढच्या थराच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर काही बाष्प नळीतून निसटले असावे असे समजून तो नमुना बाद करायचा. आजच्या नळ्यांत टोल्युईन आणि झायलीन मागच्या थरावर नगण्य आढळले.

बॅजमधील कोळसा आणि नळीतील कोळसा वेगळा असतो, तेव्हा विशोषणाची कार्यक्षमता दोहोंसाठी स्वतंत्रपणे काढली. ज्ञात प्रमाणात टोल्युईन टाकलेले कोरे बॅज आणि कोऱ्या नळ्या रात्रभर ठेवून त्यांतून किती परत मिळते ते पाहिले. नळीचा आकडा बॅजला लावला, तर दोन पद्धतींतील काही टक्क्यांचा फरक निव्वळ प्रयोगशाळेत जन्माला येईल.

आयसोप्रोपिल अल्कोहोल निव्वळ कार्बन डायसल्फाइडने नीट सुटत नाही. नायोशच्या १४०० क्रमांकाच्या पद्धतीत त्यासाठी एक टक्का २-ब्युटॅनॉल मिसळतात. एकाच बॅजचे दोन द्रावांनी विशोषण करता येत नसल्याने हे अल्कोहोल या तुलनेतून वगळले आहे आणि धुण्याच्या जागेसाठी वेगळे नमुने घेतले जातील.

६ फेब्रुवारी

आजचा निकाल आतापर्यंतचा सर्वांत बोलका आहे. द्रावकांच्या कोठारात भिंतीजवळ एका स्टँडवर नळ्या आणि बॅज शेजारी शेजारी लावले होते. बॅजचे आकडे नळ्यांपेक्षा सातत्याने कमी आले, आणि विश्लेषक तोच, दिवसही तोच. तप्त-तार वायुवेगमापी लावून पाहिली, तेव्हा त्या कोपऱ्यातील हवेचा वेग सेकंदाला ०.०५ मीटरच्याही खाली होता.

कारण सरळ आहे. ग्रहण दर काढताना असे धरलेले असते की बॅजच्या तोंडाशी बाहेरची ताजी हवा सतत येत असते. हवा स्थिर असली की कोळशाने टिपलेल्या रेणूंची जागा भरून निघत नाही, तोंडासमोर बाष्प कमी झालेल्या हवेचा थर साचतो, आणि रेणूंना बॅजच्या आतल्या मार्गाबरोबर हा थरही ओलांडावा लागतो. बॅजचा आतला मार्ग साधारण एक सेंटिमीटरचा. त्यात बाहेरच्या थराचे तीन मिलिमीटर मिळवले, तर प्रत्यक्ष ग्रहण दर एक भागिले १.३, म्हणजे ७७ टक्के उरतो. तेवीस टक्क्यांची ही घट बॅजवर किंवा अहवालावर कुठेही दिसत नाही, कारण भागाकार छापील ग्रहण दरानेच होतो. लांब आणि अरुंद नळीच्या आकाराच्या विसरण-नमुनादर्शकांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांचा आतला मार्गच मोठा असतो. पण त्यांचा ग्रहण दर मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास असतो आणि मग संवेदनशीलतेचा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

चालत्याफिरत्या माणसाच्या अंगावर हा परिणाम दिसत नाही, कारण शरीराच्या हालचालीनेच पुरेशी हवा फिरते. मिश्रण विभागातील जोडनमुने तेच सांगतात. त्यामुळे निर्णय असा: स्थिर जागेवर हवेचा वेग सेकंदाला ०.१ मीटरपेक्षा कमी असेल तर बॅज लावायचा नाही, आणि स्थिर जागेच्या प्रत्येक नमुन्यासोबत वायुवेग लिहायचा. दिवसभर यंत्राच्या पडद्यासमोर जवळजवळ न हलता बसणाऱ्या चालकाला कोणत्या गटात धरायचे यावर चर्चा झाली. माझे मत त्याला स्थिर जागेसारखेच वागवावे असे आहे. निदान त्याच्या पहिल्या काही नमुन्यांसोबत नळी असावी.

१२ फेब्रुवारी

फवारणी कक्षातही नळ्यांचे आकडे बॅजपेक्षा वर आहेत, पण इथे वायुवेग तर भरपूर आहे. नळ्या उजेडात धरून पाहिल्यावर उलगडा झाला: तोंडाशी असलेल्या काचलोकरीवर लेपाचा रंग चढलेला होता. पंप हवेबरोबर तुषारही ओढतो, आणि तुषारातील द्रावक पुढे बाष्प होऊन कोळशावर जाते. बॅज तुषार ओढत नाही. तो फक्त बाष्प मोजतो.

नळीपुढे गाळणी बसवण्याची सूचना व्यवहारात फसते, कारण गाळणीवर अडकलेला तुषारही वाहत्या हवेत वाळतो आणि त्याचे बाष्प नळीतच जाते. इथे दोन पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, तेव्हा त्यांचे गुणोत्तर काढून बॅजला गुण देण्यात हशील नाही. फवारणी करणारा माणूस तुषारही श्वासात घेतो, म्हणून त्याच्यासाठी नळीच राहील आणि फवारणीच्या जोड्या मुख्य विश्लेषणातून वेगळ्या ठेवल्या जातील.

१९ फेब्रुवारी

सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेल्या पाळ्यांचे निकाल आले. कोळशावर पाण्याचे रेणूही जागा अडवतात आणि त्याची क्षमता घटते, हे ठाऊकच होते. पाहण्यासारखे हे की सगळ्या बाष्पांवर परिणाम सारखा नव्हता. टोल्युईन आणि झायलीन पुढच्या थरातच राहिले. इथाइल ॲसिटेट मात्र दोन नळ्यांत मागच्या थरावर दहा टक्क्यांच्या पुढे गेले. ते कोळशाला सैल धरून असते आणि झायलीनसारखे जड रेणू आले की त्याला पुढे ढकलतात. दमटपणा आणि मिश्रण या दोहोंनी मिळून हे घडवले. त्या दोन नळ्या बाद केल्या.

अशा वेळी एकेरी थराचा बॅज काहीच सांगत नाही. नळीला मागचा थर आहे म्हणून ती आपली तक्रार स्वतः करते. इथाइल ॲसिटेटसाठी दमट दिवसांत दुहेरी थराचे बॅज वापरावे लागतील, आणि त्यांची मागणी नोंदवली आहे.

२५ फेब्रुवारी

अल्पकालीन संपर्क. मिश्रणयंत्र द्रावकाने धुण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांचे असते, आणि पीआयडीच्या आलेखात दिवसाची सर्वांत उंच शिखरे तिथेच दिसतात. कामाच्या नोंदवहीतील वेळा आलेखावर ठेवल्यावर प्रत्येक शिखराला काम सापडले, एक सोडून. ते शेजारच्या पिंपाचे झाकण उघडे राहिल्याचे निघाले. नळी किंवा बॅजच्या दिवसभराच्या सरासरीतून हे कधीच कळले नसते.

क्षणिक शिखरे बॅजकडून सुटतात अशी समजूत आहे. टोल्युईनचा हवेतील विसरणगुणांक सेकंदाला ०.०८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक सेंटिमीटरचा मार्ग ओलांडायला रेणूला दहा-बारा सेकंदांच्या घरातला वेळ पुरतो. मिनिटभराचे शिखर बॅजच्या सरासरीत नीट धरले जाते, आणि टोल्युईनसारखे बाष्प कोळशावरून सहज परतही जात नाही.

तरीही पंधरा मिनिटांच्या नमुन्यासाठी बॅज मागे पडतो. त्या वेळात तो ०.४७ लिटर हवेइतके टिपतो, म्हणजे २० पीपीएमला सुमारे ३५ मायक्रोग्रॅम. मिनिटाला २०० मिलिलिटरने चालणारी नळी ३ लिटर घेते आणि सुमारे २२६ मायक्रोग्रॅम जमवते. शिवाय बॅज उघडताना आणि मिटताना प्रत्येकी अर्ध्या मिनिटाची ढिलाई झाली, तर आठ तासांत ती नगण्य असते, पंधरा मिनिटांत मात्र सात टक्क्यांची चूक होते. अल्पकालीन मर्यादेसाठी नळीच.

४ मार्च

विश्लेषण सुरू झाले. प्राथमिक अहवालात सहसंबंध-गुणांक ठळक छापला होता. तो काढून टाकण्यास सांगितले. बॅज प्रत्येक वेळी नळीपेक्षा बरोबर ३० टक्के कमी वाचत असता, तरी सहसंबंध पूर्ण एक आला असता. आणि कोठार, मिश्रण, फवारणी असे कमी-जास्त तीव्रतेचे सगळे विभाग एकाच आलेखावर टाकले, की पसाऱ्यामुळेच गुणांक फुगतो. त्याऐवजी प्रत्येक जोडीसाठी बॅज भागिले नळी हे गुणोत्तर काढून त्याचा लॉगॅरिदम घेतला आणि तो दोहोंच्या सरासरीसमोर मांडला. ब्लंड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये वैद्यकीय मोजमापांसाठी सुचवलेली ही मांडणी इथेही चपखल बसते: फरकाचा मध्य म्हणजे कायमचा कल, आणि फरकाचा पसारा म्हणजे एका जोडीवर किती विसंबावे याचे माप. अंगावर लावलेल्या, तुषार नसलेल्या जोड्यांत गुणोत्तराचा मध्य एकाच्या किंचित खाली आहे आणि तीव्रतेबरोबर तो सरकत नाही. कोठारातील जोड्यांचा मध्य स्पष्टपणे खाली आहे. फवारणीच्या जोड्या, ठरल्याप्रमाणे, वेगळ्या आलेखात आहेत.

आता मुख्य मुद्दा. बॅजच्या एकेका निकालातील विखुरणे नळीपेक्षा थोडे अधिक आहे, हे मान्य. पण एकाच कामगाराचा संपर्क एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याहून कितीतरी अधिक बदलतो. भूमितीय प्रमाण विचलन (हा पसारा किती पटींचा आहे याचे माप) २.५ धरले, आणि असा पसारा अशा कामांत नवलाचा नाही, तर लॉगॅरिदममधील विचलन ०.९१६ येते. त्यात मोजणीची १५ टक्क्यांची यादृच्छिक चूक मिळवली तर एकूण विचलन ०.९२८ होते, २५ टक्क्यांची मिळवली तर ०.९५०. मोजणी इतकी सैल होऊनही एकूण पसारा चार टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. उलट नमुन्यांची संख्या दुप्पट केली, तर सरासरीतील अनिश्चितता सुमारे तीस टक्क्यांनी घटते. संपर्क मर्यादेच्या आत आहे का हे ठरवण्याच्या ईएन ६८९ या युरोपीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत प्राथमिक तपासणी तीन ते पाच नमुन्यांवर होते, पण तीन नमुन्यांवर निभावायचे तर ते सगळे मर्यादेच्या एक दशांशाखाली असावे लागतात. तसे नसल्यास सांख्यिकीय कसोटीसाठी निदान सहा नमुने हवेत. सहा नमुने पंपाने घेणे ज्या गटांत आजवर जमले नाही, तिथे बॅजने ते जमेल.

हा युक्तिवाद यादृच्छिक चुकांपुरताच खरा आहे, हे अहवालात त्याच परिच्छेदात लिहिले पाहिजे. स्थिर हवेतली घट, ॲप्रनखाली गेलेला बॅज, निसटलेले इथाइल ॲसिटेट या सगळ्या चुका एकाच दिशेच्या, संपर्क कमी दाखवणाऱ्या आहेत. कितीही बॅज लावले तरी त्या सरासरीत विरत नाहीत.

११ मार्च

सुरक्षा विभागाशी बोलणे झाले. ज्वालाग्राही बाष्पांच्या क्षेत्रात पंप आणि पीआयडी ठिणगीरोधक प्रमाणित असलेच पाहिजेत आणि बॅटरी त्या क्षेत्रात बदलायची नाही. बॅजला वीजच नसल्याने हा प्रश्न येत नाही. कामगारांचे मत विचारले, तेव्हा पंपाच्या आवाजापेक्षा कमरेपासून कॉलरपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीविषयी तक्रार अधिक होती. ती झडपांच्या चाकांत अडकते, म्हणून काही जण काम करताना ती शर्टाच्या आत घेतात. म्हणजे पंपाचा नमुनाही माणसाच्या वागण्यापासून सुटलेला नाही.

१८ मार्च

पुढील तिमाहीसाठी कार्यपद्धती निश्चित झाली. मिश्रण, भरणी आणि पॅकिंग विभागांत टोल्युईन व झायलीनच्या पाळीभराच्या वैयक्तिक नमुन्यांसाठी बॅज. फवारणी, स्थिर जागा आणि पंधरा मिनिटांचे नमुने यांसाठी पंप आणि नळी. दर दहा बॅजमागे एकाला सोबत नळी असेल, आणि ही जोडी कोणाला लावायची ते चिठ्ठी टाकून ठरेल, सोयीने नाही. पीआयडी नव्या कामाच्या पहिल्या पाळीला आणि एखादा निकाल मर्यादेच्या निम्म्यावर गेल्यास कारण शोधण्यासाठी वापरले जाईल. बॅजच्या पत्रकावर उघडण्याची आणि मिटण्याची वेळ, कोणत्या बाजूला लावला, आर्द्रता आणि शिंतोडा उडाल्यास त्याची नोंद हे रकाने सक्तीचे आहेत. ते रिकामे असलेला नमुना प्रयोगशाळा स्वीकारणार नाही.

पुढच्या महिन्यापासून एका लेपात इथाइल ॲसिटेटऐवजी ब्युटाइल ॲसिटेट येणार आहे. ग्रहण दर दोन प्रकारे दिले जातात: काही प्रत्यक्ष मोजलेले, तर काही केवळ विसरणगुणांकावरून काढलेले. त्या बॅजच्या तक्त्यात ब्युटाइल ॲसिटेटचा आकडा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे उत्पादकाकडून लेखी मागवले आहे. तो नुसता काढलेला असल्यास भरणी विभागातील पहिल्या सर्व बॅजना सोबत नळ्या लागतील, आणि त्यासाठी चार पंप राखून ठेवले आहेत.